ळ पुढं येत नाही

पहिलीतली कस्तुरी सातपुते सांगते,
"बाबा कापशीला जाला. तिथं काम करलं. मग येला."
वर्ग हसतो.
हसणारे परवापर्यंत हेच म्हणत होते.

'जाला' तिला कुणी शिकवलं?
आईनं नाही. सुभाषनगरच्या त्या बोळात
असं कुणीच बोलत नाही.
बसला, उठला, हसला, पडला,
कानावरून गेलेल्या एवढ्या शब्दांतून
तिनं आपला आपण एक साचा कापला
आणि 'जा'ला त्यात घातलं.
नियम मोडला तो भाषेनं.
पोरगी पाळत होती.

पण पुस्तक उघडलं की सगळं थांबतं.
क. म. ळ.
शेंगदाणे मोजावेत तशी अक्षरं सुटी सुटी म्हणते
आणि मान वर करून विचारते,
"झालं, बाई?"

एका शनिवारी तुटलेला अंगठा शिवायला
मी त्यांच्या घरी गेले.
सुलभाताई दगडावर कातडं ठोकत होत्या,
ठक ठक, ठकठक ठक.
ठक ठक, ठकठक ठक.
कस्तुरी उंबऱ्यात, पाठमोरी,
बाटलीच्या झाकणांशी खेळत.
मध्येच एक घाव कमी पडला.
मान न वळवता ती म्हणाली,
"आई, चुकलं तुझं."
"बगा की," ताई हसल्या,
"फोन वाजला न्हवं का, तवा ऱ्हायला एक."

मला वाटलं, सापडलं.
ज्याला ठेका कळतो, वेणीत कुठली वादी
आता खाली जाणार ते आधी कळतं,
त्याला अक्षरांची वीणही कळणारच.
वहीत तसं लिहिलंसुद्धा, खाली दोन रेघा मारून.
मग तिचा भाऊ बघितला, विराज.
पाचवीत आहे. त्याची वेणी आईपेक्षा सरळ,
आणि 'भ' न् 'म' त्याला अजून एकच.
एक रेघ खोडली.

गेल्या मंगळवारी, डबा खाता खाता,
हात तसाच खरकटा ठेवून तिनं विचारलं,
"बाई, ळ कधी पुढं का येत न्हाई?"

चौदा वर्षं शिकवते. मला हे कुणी विचारलं नव्हतं.
मीही कुणाला विचारलं नव्हतं.
गूळ. मिसळ. रंकाळा. पन्हाळा.
या गावात जिकडं बघावं तिकडं ळ,
मधे बसलेला, शेवटी बसलेला,
दारात मात्र कधीच उभा नाही.
पुस्तकात हे कुठंही छापलेलं नाही.
तिला वाचता येत नव्हतं तेव्हा
ती हे मोजत बसली होती.

"मग ळ दिसला की काय समजायचं?" मी विचारलं.
थोडा भात चावला, विचार केला.
"त्याच्या आधी कायतरी हाय."
आणि फळ्यावरच्या 'मिसळ'मध्ये ती
मागच्या दारानं शिरली,
ळ, सळ, मिसळ,
नुसतीच म्हणाली, मग पुन्हा म्हणाली, मग ओरडली,
जणू कुणीतरी ताट पुढं केलं होतं.
'कमळ' त्या दिवशीही आलं नाही.

घरी आईचा फोन आला.
"आत्ताच आलो गं, जेवतो आता," मी म्हणाले,
आणि तोंडातला घास तसाच राहिला.
शाळेत मी 'आले', 'जेवते'.
घरी मी 'आलो', 'जेवतो', आमच्या सगळ्या बायकांसारखी.
कुठल्या उंबऱ्यावर शब्द बदलायचा
हे मला कुणी सांगितलं होतं?
कधी शिकले, कुणाच्या तोंडाकडं बघत?
मीही असेन कुठल्यातरी दारात, पाठमोरी,
झाकणं मांडत.

आज कस्तुरीच्या वहीत तीन ओळी आहेत, वाकड्या,
स्वतःच्या:
आई गेली.
बाबा गेला.
मी पण जालो.

पुस्तकाला 'गेले' हवं.
आईच्या घराला 'गेलो' चाललं असतं.
हे तिसरंच, तिच्या हातचं,
अजून ओलं.
लाल पेनाचं टोपण लावलं.
तेवढं आज असू दे.